सासूसमोर न बोललेलं

लग्नाच्या चार वर्षं आधी तिच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी काढून टाकली होती. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त चालून बेफाम झाली होती. हात इतके थरथरायचे की सुईत दोरा ओवता यायचा नाही, आणि पोट तर शिवणकामावरच होतं. ऑपरेशननंतर सगळं ताळ्यावर आलं. उरला एक व्रण आणि रोजची गोळी. आईने बजावलं, "सासरी ब्र काढू नकोस." तिने आपले सगळे कपडे बंद गळ्याचे शिवले. नवऱ्याला ठाऊक होतं, पण त्याच्याही तोंडाला कुलूप. गोळीला दोघं 'शक्तीची गोळी' म्हणत.

दिवस राहिले तेव्हा सासूच हौसेने तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी काही आजार, ऑपरेशन?"

शेजारच्याच खुर्चीत सासू बसलेली.

"काही नाही," ती म्हणाली. तिला खरंच वाटलं, ग्रंथीच गेली, आता कसला आजार!

मुलगी झाली. सारखी दूध मागायची, म्हणून सासू तिला खादाडबाई म्हणायची. पण अंगी काही लागेना. डोळे टक्क उघडे, डोळ्याला डोळा नाही. नवव्या दिवशी आंघोळ घालताना सासूचा हात बाळाच्या छातीवर थबकला. "अगं, हिचं काळीज बघ कसं पळतंय!"

बाळाच्या डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी तिने गळ्याची बटणं काढली.

डॉक्टरांनी व्रण पाहिला. मग म्हणाले, "ग्रंथी काढली तरी तिला चेतवणारे घटक रक्तात वर्षानुवर्षं राहू शकतात. ते नाळेतून बाळाकडे गेले आणि त्यांनी बाळाची ग्रंथी बेफाम केली. आधी कळलं असतं, तर आम्ही पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवलं असतं."

औषधं लगेच सुरू झाली. पण एवढंसं हृदय धावून धावून दमलं होतं. अकराव्या दिवशी दुपारी ते थांबलं.

घरी आल्यावर ती सासूला म्हणाली, "आई, मी खोटं बोलले. मीच घालवलं तिला."

सासूने विचारलं, "माझी एवढी भीती वाटायची तुला?"

तेवढ्यात तिला पान्हा आला आणि कपडे पुढून भिजले. सासू उठली, कोरडा कपडा घेऊन आली आणि तिला पुसू लागली. पुसता पुसता सासूचाच बांध फुटला.

दूध आटायला आठ दिवस लागले.