पलटण नावाची सवत

हेमंताची सकाळ जरंडेश्वराच्या माथ्यावरून हलक्या पावलांनी उतरत होती. दवभारल्या शाळूवरून, हरभऱ्याच्या आंबटओल्या घाट्यांवरून, धुक्यात गुरफटलेल्या बांधांवरून ती आली आणि कर्नल हिंदुराव बर्ग्यांच्या अंगणात येऊन थबकली. तांबूस, कोवळी, थंडीने किंचित काकडलेली. घरात मात्र तिच्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

आज पलटणीचा दिवस होता. पूर्वेच्या त्या नदीवर, धूम्रधूसर पहाटे, हिंदुरावांच्या पलटणीने पैलतीर जिंकला, त्याला आज पंचवीस वर्षे होत होती. त्या विजयाने त्यांच्या छातीवर महावीर चक्र आले. आधीच्या युद्धातले वीरचक्र तिथे अगोदरच विराजमान होते. दोन युद्धे, दोन चक्रे, आणि पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला न लाभलेला मान. आज ती दोन्ही चक्रे हिंदुराव पलटणीला देऊन टाकणार होते, तिच्या मेसमधल्या काचेच्या कपाटात कायमची ठेवायला.

बायकोला विचारले होते का? विचारले नव्हते, कळवले होते. तेही भाजीवर लिंबू पिळता पिळता.

शशिकलाबाईंनी त्यांच्या पानात आणखी भाजी वाढली. पण त्या क्षणापासून त्यांच्या अंतरात मत्सराची चूल पेटली, आणि ती काही केल्या विझेना.

पलटण! केवढा डौलदार शब्द, आणि केवढा जहरी. हळदीचे अंग घेऊन शशिकलाबाई या घरात आल्या, तेव्हा सुट्टी संपली म्हणून नवरा पलटणीकडे गेला. लेक जन्मली तेव्हा तो पलटणीपाशी होता. सासऱ्यांना अग्नी दिला चुलतदिराने, कारण नवरा पलटणीपाशी होता. हाडामांसाची सवत असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. हिला ना झिंज्या, ना झोंबायला अंग. शशिकलाबाईंचे केस पिकले, दात हलले, आणि ही मेली दरसाल नवी पोरे भरती करून पुन्हा सोळा वर्षांची.

चांदी काळवंडली की रांगोळीच्या भुकटीने उजळायची शशिकलाबाईंनी, आणि मिरवायची पलटणीने. आता तर उजळण्याचे कामही गेले.

पण खरा काटा याहून खोल रुतला होता, आणि तो कुणाला दाखवण्याजोगा नव्हता. शशिकलाबाई एका विधवेवर जळत होत्या.

हौसाबाई शेलार तिचे नाव. त्याच नदीवर तिचा नवरा, नाईक तातोबा, शत्रूच्या मशीनगनवर झेपावला होता. गन मुकी झाली, तातोबाही मुका झाला, आणि त्या भयाण शांततेतून हिंदुरावांनी पलटण पार नेली. तातोबाला मरणोत्तर वीरचक्र मिळाले. ज्याने कमावले त्याने पदक डाव्या छातीवर लावायचे, आणि तो गेला तर त्याच्या माणसाने उजवीकडे, अशी फौजेची रीत. दरसाल पलटणीच्या दिवसासाठी हौसाबाई आदल्या संध्याकाळी मुक्कामाला येई. सकाळी धुवट लुगड्याच्या पदरावर, उजवीकडे, ते चक्र लावी.

ती ओसरीवर आली की हिंदुराव उठून उभे राहत. ताठ, निश्चल, नतनेत्र. गुडघे कुरकुरले तरी उभे राहत, आणि ती बसल्याशिवाय बसत नसत.

बायकोसाठी ते कधी उठले नव्हते. कपाळावर कुंकू असलेल्या बाईने पांढऱ्या कपाळाचा हेवा करावा, हे पाप शशिकलाबाईंना कळत होते. कळत होते म्हणून थांबत नव्हते.

हिंदुराव न्हाणीघरात शिरले. कोट खुर्चीच्या पाठीवर टांगलेला होता आणि पदकांची पट्टी मखमली डबीत उघडी पडली होती. एका चक्राची फीत पांढरी-केशरी, दुसऱ्याची निळी-केशरी. खिडकीतून आलेले ऊन त्या चांदीवर पडले, आणि आरशात, छतावर, भिंतीवर कवडसेच कवडसे नाचू लागले.

शशिकलाबाईंनी पट्टी उचलली. ही चक्रे घरात राहिली असती, तर कधीतरी... मनाने तो विचार पुरा केला नाही. हाताने केला. त्यांनी पदर सावरला, आरशासमोर मान उंचावली, आणि दोन्ही चक्रे आपल्या उजव्या बाजूला लावली.

चांगली दिसत होती. रुपेरी, रणगंभीर, राजस. आरशातल्या त्या बाईसाठी कुणीही उठून उभे राहिले असते.

"वैनीसाब, काढा ते."

दारात हौसाबाई उभी होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण चेहरा राखेसारखा झाला होता. तिने आधी शशिकलाबाईंच्या कुंकवाकडे पाहिले, मग उजव्या खांद्याखालच्या चक्रांकडे. शशिकलाबाईंच्या बोटांना पिन सापडेना.

"हौसाबाई, मी आपली सहज..."

"सहज न्हाई. मला ठावं हाय." ती आत आली. "तुमी माझ्याकडं कशा बघता, ते मी वर्सानुवर्सं बघत्या. सायेब माझ्यासाठी हुबं ऱ्हात्यात ते तुमास्नी खुपतंय."

नाही म्हणावे असे शशिकलाबाईंना वाटले. "खुपतं," त्या म्हणाल्या.

हौसाबाईने आपल्या पदरावरचे चक्र काढले. तळहातावर ठेवून तिने हात पुढे केला. तो हात खुरप्याने घट्टे पडलेला, खरबरीत आणि अगदी स्थिर होता.

"मग बदलायचं का? हे न्या तुमी. सायबाचं हुबं ऱ्हानं बी न्या. त्याच्या बदल्यात काय देता?"

शशिकलाबाईंची बोटे पुन्हा पिनेकडे वळली. हौसाबाई मात्र आज थांबणार नव्हती.

"मला बी तुमचा राग येतोय, वैनीसाब. लई येतोय. राती जेवताना सायेब तुमच्यावर कावलं, भाकरी करपली म्हून. तवा माझा घास खाली उतरंना. माझी भाकरी रोज करपती. कावणारं मानूस न्हाई."

खोलीत ऊन तेवढे सरकत होते. दोघी बाया समोरासमोर उभ्या होत्या, एकमेकींच्या भाग्यावर डोळा ठेवून, आणि दोघींनाही लाज वाटत नव्हती.

तेवढ्यात न्हाणीघराचे दार आतून धडधडले.

"अहो! पंचा कुठे ठेवलाय? माणसाने काय ओलं बाहेर यायचं? या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!"

हौसाबाईने मान फिरवली. आपले चक्र तिने पुन्हा पदरावर लावले, उजवीकडे, आणि ओसरीवर निघून गेली. जाताना तिने डोळे पुसले की नाही, ते शशिकलाबाईंनी पाहिले नाही. त्या पिनशी झगडत होत्या. बोटाला टोचले, रक्ताचा थेंब आला, पण पट्टी निघाली.

बाहेर जीप आली. पलटणीची जीप, शेंदरी धुळीने माखलेली, दारासमोर गुरगुरत उभी राहिली. हिंदुराव कोट घालून आरशापुढे आले. वय झाले होते. मान बारीक झाली होती, आणि शर्टाची कॉलर आता सैल बसत होती.

"आणा ती पट्टी. उशीर होतोय."

"मी लावते," शशिकलाबाई म्हणाल्या.

त्यांनी कोटाच्या डाव्या बाजूला पिन खोवली. चांदी थंडगार होती. पट्टी सरळ केली, फिती सारख्या केल्या, आणि मग तळवा तसाच चक्रांवर टेकवला. थंड चांदीखाली कोटाची ऊब होती, आणि उबेखाली काहीतरी चालले होते. धप्, धप्, धप्. जरा अडखळत, जरा दमत, पण चालले होते. हे काही कुणी काचेच्या कपाटात ठेवणार नव्हते.

जीपचा हॉर्न वाजला.

"झालं का?" हिंदुराव वैतागून म्हणाले. "तिकडे सगळी पलटण खोळंबलीय."

शशिकलाबाईंनी हात उचलला नाही.

"खोळंबू दे तिला," त्या म्हणाल्या.