बाया रडल्या पाहिजेत

माझ्या नवऱ्याला सिनेमासाठी ओरिजनल कथा लिहायची होती, म्हणून ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत युरिया मी विकला. कामठ्यात आमचं कृषी केंद्र आहे. एरवी गल्ल्यावर ओमेश्वर बसतो. या पावसाळ्यात तो मागच्या खोलीत पंखा लावून बसला. कुणी गिऱ्हाइकानं हाक मारली की आतून ओरडायचा, "विचार करून राहिलो ना!" विचार करणारा माणूस एवढा घोरतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

कथा हवी होती उदेलालभाऊंना. त्यांच्याकडे राईस मिल आहे, चार बोटांत अंगठ्या आहेत आणि त्यानंतर कुठंतरी कलेची आवड आहे. आधी त्यांनी एका गाण्याचा व्हिडिओ काढला होता. चाल दुसऱ्याची निघाली, तक्रार झाली आणि नातेवाइकांनी पाहायच्या आत तो यूट्यूबवरून उतरला. तेव्हापासून त्यांनी चोरीच्या मालाचा धसकाच घेतला होता.

"एकदम ओरिजनल पायजे, ओमेश्वर," ते म्हणाले. "पन लोकाईले आधी पायल्यासारखी वाटली पायजे."

ओमेश्वरनं मान डोलावली. त्याला दोन्ही पटलं होतं.

सुरुवातीला त्यानं कथेत वाघ घेतला. वाघाचा खर्च फार येईल असं कळल्यावर वाघाचा बिबट्या झाला, मग कुत्रा झाला, मग तोही गेला. त्यानंतर लोकेशनवर बसलं की सुचतं म्हणून हा इटियाडोह धरणावर गेला आणि पिशवीभर मासोळ्या घेऊन आला. मासोळ्या चांगल्या होत्या, तेवढं मी मान्य करते. आणि मग एक दिवस तो खोलीतून हसत बाहेर आला. कथा झाली होती. काय आहे विचारलं तर म्हणाला, "तुले सगळ्याईसंगच आयकवतो." मला आनंद झाला. शेवटी नवरा आहे, चारचौघांत त्याचं नाव व्हावं असं मलाही वाटतंच की.

उदेलालभाऊंची कथा तपासायची आपली एक रीत आहे. तरुणपणी दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत गावोगावी नाटकं लावायचा ठेका ते घेत. त्या अनुभवातून त्यांना एवढंच कळलं, की बाया रडल्या तर नाटक चालतं. म्हणून रविवारी दुपारी आमच्या अंगणात सतरंज्या पडल्या, आळीतल्या बाया जमल्या आणि उदेलालभाऊ खुर्चीत बसले ते कथेकडे कमी आणि बायांच्या डोळ्यांकडे जास्त बघायला. चहाचं काम अर्थात माझ्याकडे.

ओमेश्वरनं घसा खाकरला. "सालेकशाहून एक पोरगी, तिचं नाव चेतना, डोंगरगडची पॅसेंजर पकडते."

माझं माहेर सालेकशाचं. साखरेचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला.

लग्नाआधी मी एकदा पळून गेले होते. ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवणारा कैलाश नावाचा एक मुलगा होता, दिसायला बरा. डोंगरगडला देवीपुढं हार घालायचे असं ठरलं. सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही गेलो. डोंगराच्या पायथ्याशी त्यानं वर पायऱ्यांकडं पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. मग भजी खाल्ली. मग आईला फोन लावला आणि 'माय, मले भेव लागून राहिलं' म्हणून जो रडायला लागला, तो थांबेचना. मी थोडा वेळ त्याची पाठ थोपटली. मग लक्षात आलं की जन्मभर हीच पाठ थोपटावी लागेल. उठले, तिकीट काढलं, दुपारच्या गाडीनं घरी आले. घरच्यांना वाटलं, मी टायपिंगची परीक्षा देऊन आले.

ही गोष्ट मी जगात एकाच माणसाला सांगितली. लग्नाच्या पहिल्या वर्षी, ओमेश्वरला. तो पोट धरून हसला होता. त्या हसण्यावर मी खरोखर जीव टाकला. आपल्याला माणूस मिळाला, असं मनापासून वाटलं.

आता तोच माणूस अंगणात उभा राहून हातवारे करत होता. पॅसेंजर तीच, पायऱ्या त्याच, माझी आकाशी ओढणीसुद्धा त्यानं सोडली नव्हती. बाकी सगळं मात्र त्याच्या अकलेचं. त्याच्या कथेतला मुलगा चेतनाचे दागिने घेऊन पसार होतो. चेतना देवळाच्या पायरीवर ऊर बडवून रडते. पुढं तिचं लग्न होतं ओंकार नावाच्या देवमाणसाशी. एक दिवस ओंकारला सगळं कळतं. तो तिला माफ करतो. माफ करताना तो इतकं लांबलचक भाषण देतो की मधे दोनदा मी चहाखालचा गॅस कमी केला. आणि एवढा मोठेपणा सहन न होऊन ती बिचारी इटियाडोहमध्ये उडी घेते. ओंकार काठावर उभा. डोळ्यांत पाणी. समाप्त.

शेजारच्या शामकलाकाकू पदर डोळ्यांना लावून हुंदके देत होत्या. त्यांचं पाहून बाकीच्याही सुरू झाल्या. माझ्या सासूबाईंनी नाक पुसलं आणि निर्णय दिला, "मेली ते बेस झालं. अशीले घरात कोन ठेवते?"

उदेलालभाऊ तर फुलून गेले. "बाया रडल्या! जमलं, बापा! आता एकच सांग, ओमेश्वर. हे कोनाची तं नाही ना?"

"कोनाची राहीन, भाऊ? तुमची शपथ, पुरी माह्या डोक्यातली."

असं म्हणताना त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी असती तर कदाचित मी गप्प राहिले असते. त्याला खात्री होती. बोलले तर तोंड माझंच काळं होणार, सासरी, माहेरी, अख्ख्या गावात. मग ही बोलते कशाला? माझ्या भीतीच्या भरवशावर त्यानं कथा रचली होती. राग आला, तळपायाची आग मस्तकात गेली.

"ते पोट्टी मरत नाही," मी म्हणाले.

"काऊन, भाभी?" उदेलालभाऊ म्हणाले. "मेली तं बाया रडतेत."

"पोट्ट्यानं तिले नाही सोडलं. तिनंच त्याले सोडलं. पायऱ्या पाहून तो खाली बसला, अन् भजे खाऊन मायले फोन लावून रडत होता. ते उठली अन् गाडीत बसून घरी आली. काही रडली गिडली नाही. भूक लागली होती, चिवडा खाल्ला."

कुणीतरी फिसकन हसलं. शामकलाकाकू ओल्या डोळ्यांनीच हसायला लागल्या. उदेलालभाऊ खुर्चीत पुढं सरकले. "अरे, ये तो बढिया है! मंग?"

"तू चाय आन ना, भूमेश्वरी," ओमेश्वर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

"मंग तिचं लग्न झालं. नवऱ्याले तिनं सोताहून सांगतलं. माफी गिफी काही मांगतली नाही. त्यानंही हासून सोडून देल्लं."

"हां. मंग?"

"मंग त्यानं ते विकायले काढलं."

"विकायले? कोनाले?"

"तुमाले, भाऊ."

उदेलालभाऊंच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. सासूबाईंना लागला नाही. त्यांनी आधी मुलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"खरं कोनतं? तो सांगते ते, का तू?"

"मी सांगून राहिली ते, माय."

त्या उठल्या आणि आत गेल्या. संध्याकाळी घरात काय वाढून ठेवलं आहे ते मला कळत होतं. पण केल्याचा पस्तावा वाटला नाही. ओमेश्वर खाली वाकून कागद गोळा करत होता आणि त्याला मदत करायला कुणी उठलं नाही.

शामकलाकाकू जवळ सरकल्या. मला वाटलं, आता ही बाई मला शिव्या देणार.

"काऊन वं," त्यांनी हळूच विचारलं, "तो मायले फोन लावनारा पोट्टा, त्याचं लग्न झालं का?"

"झालं ना, काकू," मी म्हणाले. "मायनंच लावून देल्लं."