राजगिऱ्याचा डोंगर आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी, मधोमध मोडलेली लाकडी पाती आहे. तेयाकापान नावाच्या विणकरणीच्या मागावर आडवे धागे ठोकून बसवणे हे माझे रोजचे काम. पण खरा मान वर्षातून एकदाच! ती राजगिरा फुलवायची, मधात मळायची आणि वीतभर डोंगर करायची. भोपळ्याच्या बियांचे दात, घेवड्याचे डोळे. पाऊस देतो तो डोंगर, म्हणून डोंगरच देव. मग मी त्याची छाती फाडून गोड काळीज काढायचे आणि घराने सगळा देव खाऊन टाकायचा.

समुद्रापलीकडून परके आले आणि राजगिऱ्यावरच बंदी आली. ज्याच्या घरी असा देव सापडेल त्याला चौकातल्या खांबाला बांधून चाबकाने सोलायचे. तेयाकापानचा नवरा त्यांच्या देवळाचे दगड ओढताना चिरडून मेला. तरी ही बाई ऐकेल तर शपथ!

त्या सकाळी फुललेल्या राजगिऱ्याचा वास गल्लीभर गेला. तिने आणि तिच्या लेकीने, शोकोने, डोंगर भराभर संपवला. उरले फक्त काळीज, मेलेल्या नवऱ्याचा वाटा म्हणून त्याच्या वाडग्यात. तेवढ्यात दार मोडून दीर आत आला. परक्यांचा धर्म घेतल्यापासून त्याचे नाव मातेओ, पाद्र्याचा शिपाई. पाद्री बाहेर उभा होता.

"वहिनी, काय आहे त्यात?"

"तुमच्या भावाचं जेवण. हात लावाल तर याद राखा!"

"पोरीलापण खांबाला बांधायचंय का?"

त्याने मलाच उचलले. पहिला फटका तिच्या खांद्यावर. दुसरा बोटांवर, हाडे मोडल्याचे मला कळले. शोको त्याच्या मनगटाला चावली, त्याने तिला भिंतीवर भिरकावले. तिसरा फटका वहिनीच्या डोक्यात, आणि मीच मोडले. तिचे रक्त माझ्यात मुरले.

"सापडलं का रे?" बाहेरून पाद्री ओरडला.

मातेओने वाडग्याकडे पाहिले आणि अख्खे काळीज तोंडात कोंबले. डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"काही नाही!" गिळून तो ओरडला. मग हळूच म्हणाला, "मध कमी पडलाय, वहिनी."

"तुम्हाला कोणी बोलावलं होतं खायला?"

तिची बोटे वाकडीच राहिली, माग सुटला. मी त्या माणसाला अजून माफ केलेले नाही. यंदा मात्र तिने काळजे दोन वळली आहेत.

"दुसरं कुणाचं गं, आई?" शोकोने विचारले.

"तुझ्या काकाचं. मध जास्त घातलाय, नाहीतर खाताना पुन्हा बडबडेल मेला."

म्हणून मित्रांनो, मोडली म्हणून मला इतक्यात चुलीत घालू नका. मला अजून दोन काळजे काढायची आहेत.