तेल जातं कुठे?

पाठीच्या दुखण्याने मास्तर अंथरुणाला खिळले, तेव्हा शिकाऊ चालकांना धडे देण्याचे काम त्यांच्या बायकोने अंगावर घेतले. दोघांच्या मोटार-शाळेत गाडी एकच, तीही जुनी. पण शिकवणाऱ्याच्या पायाशी क्लच-ब्रेकची वेगळी जोडी बसवलेली. ती गाडी अडली की शाळा बंद, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आज ती दोरीने ओढत गॅरेजात आणावी लागली. क्लचचे पेडल दाबले की तळाला जाऊन तिथेच बसे. मास्तर कमरेला पट्टा बांधून भिंतीला टेकून उभे राहिले. मिस्त्रीने बॉनेट उघडून तेलाच्या डबीचे झाकण फिरवले. झाकणातले रबर फुगून लोंबत होते.

"यात काय घातलंत, वहिनी?"

"ब्रेक ऑइल. रोज जरा खाली जायचं, रोज जरा भरायचं. रेषेखाली उतरलं की भर, असं ह्यांनीच शिकवलंय."

"आणि ते जातंय कुठे?"

तिने नवऱ्याकडे पाहिले. मास्तर ओशाळले. पेडल दाबले की वरच्या सिलिंडरमधले तेल नळीतून खालच्या सिलिंडरला रेटते, आणि तो क्लच सोडवतो. या बंद वाटेतले तेल पेट्रोलसारखे जळत नाही. कमी झाले तर कुठेतरी गळतेच. शिकाऊंना हे मास्तर फळ्यावर आकृती काढून समजावत आले होते. घरात मात्र तेवढी रेषा दाखवून मोकळे झाले होते.

मिस्त्रीने वाटीभर पाण्यात त्या तेलाचा थेंब सोडला. तो विरघळायचे सोडून वर तवंग धरून बसला.

"ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. यात ते नावालाच आहे. इंजिनचं तेल पडलंय."

तिचा चेहरा उतरला. तिने डिकीतून डबा आणून पुढे केला. "बघा ना, वर ब्रेक ऑइलच लिहिलंय!"

मास्तरांनी डबा ओळखला. "रिकामा होता. उरलेलं इंजिन ऑइल मीच ओतून ठेवलं त्यात."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"लक्षात राहील म्हटलं."

"कुणाच्या? माझ्या? न सांगताच?"

मिस्त्री मध्ये पडला. "धुऊन तर बघू."

त्याने सगळे तेल काढून नवे भरले आणि तिला पेडलवर बसवून स्वतः गाडीखाली शिरला. "दाबा. धरून ठेवा. मी नट आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत." नळीतून बुडबुडे आले, मग तेही थांबले. पेडल पायाला ताठ लागू लागले.

"लागलं!" ती लहान मुलीसारखी ओरडली. इंजिन सुरू केले, गिअर पडला. मास्तर दुखणे विसरून ताठ झाले. तोच पेडल तिच्या पायाखालून सावकाश उतरू लागले. कुणी न सांगता तिने ब्रेक दाबून पाहिला. तोही तळाला गेला.

"क्लच-ब्रेक दोन्हींची डबी एकच," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "इंजिनच्या तेलाने वरपासून चाकांपर्यंत रबरं फुगलीत. या गाडीचे सुटे भाग येणं केव्हाच बंद झालंय. आणि असला ब्रेक शिकणाऱ्याच्या हाती मी द्यायचा नाही, मास्तर. तुम्हीसुद्धा देणार नाही."

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"सकाळी ती नर्स येईल," बायको म्हणाली. "रिव्हर्स राहिलाय तिचा."

"दुसरी शाळा बघ म्हणावं," मास्तर म्हणाले.

"आणि आपण काय बघायचं?"

बाहेर आत येऊ पाहणारी एक गाडी हॉर्न वाजवत होती. मिस्त्रीने कोपऱ्याकडे बोट दाखवले. बायकोने स्टिअरिंग धरले, मिस्त्रीने मागून खांदा लावला, आणि तो नको म्हणत असताना मास्तरांनीही.

"आरशात बघ," सवयीने त्यांच्या तोंडून निघाले.

"बघतेय. मागे तुम्हीच आहात. आता पाठ मोडून घेऊ नका."

गाडी भिंतीशी जाऊन टेकली. तिने हँडब्रेक ओढला, आणि किल्ली काढावी की तशीच राहू द्यावी हे न कळून ती आत बसून राहिली.