जाळीतली फुलं, उघडी फुलं

मी चहाचं झाड बोलतोय. पण माझं पान आजवर कुणी उकळलेलं नाही. १९८६ साली शीलानं मला निलगिरीच्या सहलीवरून ओल्या फडक्यात गुंडाळून कोलशेतला आणलं, तेव्हा मी वीतभर होतो.

शीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकायची. तिची आई जनाबाई कळव्याच्या बाजारात मासळी विकायची. वडील नामा सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात होते. बाटली नाकाशी नेली, की आत काय कमी आहे ते सांगायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात मला पांढरी फुलं आली. त्यांच्यावर बारीक फुलकिडे आले. ते पाकळ्या खरवडायचे आणि माझा वास बदलायचा. मी मुद्दाम करत नव्हतो. अंगावर काटा यावा तसं ते आपोआप व्हायचं.

शीलानं तोच अभ्यासाचा विषय घेतला. किडे शिरू नयेत म्हणून अर्ध्या फांद्यांना मच्छरदाणीच्या कापडाचे दोन-तीन पदर बांधले. वास मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून वडिलांचे डोळे बांधून एकेक फूल त्यांच्या नाकाशी धरलं. नामांनी दहाच्या दहा ओळखली.

"जाळीतला गोड. किडे लागलेला हिरवट, जरा उग्र."

पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलं. या वेळी सहा चुकली.

"सर्दी झालीय का, बाबा?"

"नाय गो." त्यांनी डोळ्यांवरचं फडकं काढलंच नाही. "दिवाळीपासून कसलाच वास येत नाय. कंपनीत बोललो नाय अजून."

शीलानं वहीची मागची पानं चाळली. मग हळूच म्हणाली, "मागच्या वर्षीचंच लिहिते. कुणाला कळणार नाही."

"खोटा लिहू नको. बाप चुकला, तसाच लिही."

दारात कोळंबी सोलत बसलेली जनाबाई हात धुऊन आली. "माझे बांध डोळे. ताजी-शिळी मासळी हुंगण्यात जन्म गेला माझा."

तिनं नऊ ओळखली.

त्याच आठवड्यात नामांनी साहेबांना खरं सांगितलं. साहेबांनी त्यांना बाटल्या भरायच्या खात्यात टाकलं. नंतर कित्येक महिने ते माझ्याकडे फिरकले नाहीत. जनाबाईच पाणी घालायची. एका सकाळी मात्र तांब्या घेऊन ते स्वतः आले.

आता १९९७ उजाडलंय. शीला डोंबिवलीत शिकवते. फुलं आली, की नामा माझ्याजवळ बसून बायकोला विचारतात, "कसा हाय आज?" ती वाकून हुंगते आणि सांगते. ते डोळे मिटून ऐकतात.

म्हणून एक मागणं आहे. माझ्यावर किडे दिसले, तर लगेच औषध मारू नका. जनाबाईला रोज काहीतरी नवं सांगायचं असतं.