फ्रान्सची लिहिणारी बाई

"मास्तरीणबाई, माही लाज आता तुमच्या हाती हाय," बाबूलाल उंबऱ्याशी हात जोडून उभा होता. "माणसांच्या खेळाले मी सांगतो भोंग्यातून. बायकांच्या खेळात मले कोण उभं राहू देईन? अन् इंग्रजी तुमच्याबिगर कोणत्या बाईले येते गावात?"

प्रयागबाईने हातातली परात खाली ठेवली. बाबूलालचा फिरता सिनेमा मंगरूळपीरला आला, की कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात उतरे. गुरुवारी दुपारी फक्त बायकांचा खेळ. खिडक्यांना पोती लावून अंधार करायचे. परभाषेतला बोलपट असला, तर पडद्याशेजारी उभं राहून कोणीतरी पत्र्याच्या भोंग्यातून तो आपल्या बोलीत सांगायचा. नाहीतर लोक शिट्ट्या मारून सिनेमा बंद पाडत.

"कोणता सिनेमा हाय?" तिने विचारलं. विचारायची गरज नव्हती. सकाळपासून बाबूलालची रेंगी, त्याची छोटी बैलगाडी, ढोल वाजवत गल्लीगल्लीतून फिरत होती, आणि आतला माणूस ओरडत होता, "फ्रान्स देशाची लिहिणारी बाई! लिहिलं बाईनं, नाव लावलं नवऱ्यानं! पाहा हो, पाहा!" रेंगी दारावरून गेली, की प्रयागबाई दार लोटून घेई.

"जाय ना, प्रयाग," आतून सोजरबाई म्हणाली. "एवढा दारात आला तो. मी बी येईन तुह्यासंगं."

सासूच तसं म्हणाल्यावर नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. तिचे यजमान रामराव तहसीलदारसाहेबांबरोबर शेलूबाजारला दौऱ्यावर गेलेले. विचारणार तरी कोणाला?

पाच वर्षांत नागपूरच्या मासिकात अकरा गोष्टी छापून आल्या होत्या. सगळ्या प्रयागबाईने लिहिलेल्या, आणि सगळ्यांवर नाव 'रामराव जगदेव, मंगरूळपीर'. पहिल्या वेळी रामराव म्हणाले होते, शाळेतल्या बाईचं नाव मासिकात पाहून लोक काय म्हणतील? दुसऱ्या वेळी त्यांनी कारण सांगितलं नाही. तिसऱ्या गोष्टीची तहसीलदारांनी कचेरीत सर्वांसमोर तारीफ केली. त्या दिवशी संध्याकाळी पाय धुता धुता रामराव शांतपणे म्हणाले, "हे बाहेर गेलं ना प्रयाग, तर तुले इंझोरीले नेऊन सोडीन. मंग बस मायबापाच्या दारात." ते ओरडले असते, तर ती इतकी भ्याली नसती. येत्या रविवारी वाचनालयात त्यांना शाल-नारळ मिळणार होता. गावात एकीलाही संशय आला, तर रविवार उजाडायच्या आत तिचं गाठोडं इंझोरीच्या वाटेला लागलं असतं.

आणि तरीही तिला तो सिनेमा पाहायचा होता. त्या बाईबद्दल तिने एका जुन्या मासिकात वाचलं होतं. नवऱ्याने वर्षानुवर्षं तिची पुस्तकं आपल्या नावावर खपवली, आणि एके दिवशी भरल्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, ही माझी आहेत. ते पान प्रयागबाईने इतक्यांदा वाचलं होतं, की घड्यांवर फाटलं. उभी राहिली तेव्हा तिने हात कुठे ठेवले असतील, एवढं एकदा तिला पाहायचं होतं.

गोदामात कापसाचा बारीक तंतू तरंगत होता. बाहेर सिनेमाला वीज देणाऱ्या इंजिनाची धडधड चालू होती. सत्तर-ऐंशी बायका पोरंबाळं घेऊन गोणपाटांवर बसल्या होत्या. पुढेच तांड्यावरची रामीबाई, कोपरापर्यंत बांगड्या, तोंडाने कोणाला हार न जाणारी. तिच्या मागे सोजरबाई. प्रयागबाईने भोंगा तोंडाला लावला, तर पत्रा ओठांना गार लागला आणि पहिलं वाक्य कापरंच निघालं.

पडद्यावर टोप्या आल्या. पिसांच्या, फुलांच्या, जाळीच्या. मग घोडागाडी, मग नाच. माणसं तोंडात काहीतरी कोंबल्यासारखं इंग्रजी बोलत होती. तिला निम्मं कळत होतं, उरलेलं ती जोडून सांगत होती.

"काहो बाई," रामीबाई ओरडली, "लिहिणारी हाय ना ते? मंग हे नाचूनच काहून राह्यली?"

गोदाम खदखदून हसलं. प्रयागबाईलाही तेच विचारावंसं वाटत होतं. तासाभरात टाक दिसला तो एकदाच, तोही नवऱ्याच्या हातात.

तोच प्रसंग होता तो. टेबलावर कागदांचा गठ्ठा. नवऱ्याने मिशीवरून बोट फिरवलं, टाक बुडवला आणि वरच्या कागदावर ऐटीत आपलं नाव लिहिलं. बाई दारात उभी राहून पाहत होती.

"हा काय करून राह्यला आता?" कोणीतरी विचारलं.

प्रयागबाईने खाली पाहिलं. अंधारात सोजरबाईचं पांढरं लुगडं तेवढं दिसत होतं. भोंगा निसटता निसटता तिने धरला.

"तो... तो तिचे कागद तपासून देऊन राह्यला," ती म्हणाली. "चुका काढून राह्यला."

"अन् तो ढोलवाला बोंबलत होता, नाव लावलं म्हून?" रामीबाई म्हणाली.

"ढोलवाल्याले काय कळते!"

"चांगला हाय बापा माणूस," मागून एक जण म्हणाली. "आमचा तर भाजीतल्याच चुका काढते."

पुन्हा हशा झाला. आपण आपल्याच हाताने त्या बाईचं तोंड दाबलं, असं तिला वाटलं. पण अजून ती सभा यायची होती. ती येईल, तेव्हा काय सांगायचं? खोटं सांगवणार नाही, आणि खरं सांगितलं, तर इंझोरी.

सभा आलीच नाही.

तीन टोप्या आणखी झाल्या, एक भांडण झालं, मग बाई एकदम पलंगावर पडलेली दिसली, केस पांढरे, शेजारी तोच नवरा. वाद्यांचा सूर चढला. बाईने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "मला माफ करा, मी तुमची चांगली बायको होऊ शकले नाही." आख्ख्या सिनेमातलं हे एकच वाक्य प्रयागबाईला शब्दन्‌शब्द कळलं.

ती पडद्याकडे पाहतच राहिली. जिच्या भरवशावर इतकी वर्षं काढली, तिला कोणीतरी हाताला धरून परत त्याच घरात आणून बसवलं होतं.

"बोला ना बाई! काय म्हणते ते मरतानी?"

प्रयागबाईने भोंगा उचलला.

"म्हणते, ते पुस्तकं माही होती. पयल्यापासून सारी. मी लिहिली, रात्रंदिवस जीव मुठीत धरून लिहिली. तुमी नुसतं नाव लावलं."

आवाज वरच्या पत्र्यांवर आपटून परत आला. तो इतका मोठा असेल, हे तिला माहीत नव्हतं. पडद्यावर नवरा बायकोच्या कपाळावर ओठ टेकवत होता. कोणी हसलं नाही. रामीबाईने ओढणीने नाक पुसलं आणि नवऱ्याला एक सणसणीत शिवी घातली.

खिडक्यांवरची पोती निघाली. उजेड आत आला, तसा तिने भोंगा खाली ठेवला.

परतताना मारुतीच्या पाराजवळ सोजरबाई म्हणाली, "मरतानी बोलली म्हणतं. जितेपणी काहून नाही बोलली?"

"भ्याली असन, आत्याबाई."

"नवऱ्याले?"

प्रयागबाईने मारुतीला हात जोडले.

"सासूले बी भ्याली असन."

"सिनेमात सासू नव्हती, आत्याबाई."

"तरी बी."

घरी आल्यावर सोजरबाईने हातपाय धुतले आणि सरळ चुलीपुढे जाऊन बसली. सून घरात आल्यापासून तिने पिठाला हात लावला नव्हता.

"भाकरी मी टाकतो आज. तू बस तुह्या कागदाले."

"कोणत्या कागदाले?" प्रयागबाईने विचारलं.

"मले वाचता येत नाही. दिसते तर बरोबर." सोजरबाईने पिठाचा उंडा थापायला घेतला. "रविवारी त्याच्या गळ्यात हार पडन. पडू दे. माय हाय मी त्याची, मी चारचौघात काही बोलनार नाही. पण इंझोरीले तुले कोणी नेत नाही. मी जिती हाय तोवर नाही."

प्रयागबाईने दप्तरातून कागद काढले आणि प्रथमच ओसरीवर, उजेडात, मांडीवर घेतले. एक ओळ झाली. दुसरी अर्ध्यावर असताना फाटकाची कडी वाजली, आणि तिने झटकन पदर कागदांवर ओढला.

"राहू दे," सोजरबाई तव्यावरून नजर न उचलता म्हणाली.

प्रयागबाईने पदर बाजूला केला. अर्धी ओळ पुढे चालवली, अक्षर वेडंवाकडं येत होतं. रामरावांचे जोडे ओसरीच्या पायरीवर वाजले. आत भाकरी फुगत होती. दोघीही जागच्या उठल्या नाहीत.