न उलटलेला झगा

आमच्या मठात चंद्र वाढू लागला की सगळ्या मावश्या होतात आणि घटू लागला की सगळे काका. झगा एकच, एका बाजूने मावश्यांचा गव्हाळ, दुसऱ्या बाजूने काकांचा निळा. पालटाच्या सकाळी अंगणात जमायचं आणि तो उलटा करून घालायचा. काल 'काका, चष्मा डोक्यावरच आहे' म्हणून सांगणारं माणूस आज तेच 'मावशी' म्हणून सांगतं. बाहेर कोण काय होतं हे फाटकाशी सोडून यायचं. नव्यांना महिनाभर हसू येतं, मग येईनासं होतं.

ग्रंथघर माझ्याकडे आहे, बत्तीस वर्षं. म्हणून माझं नाव वाळवी. नियमांचं पुस्तक जीर्ण झालं की ते नव्याने उतरवून काढायचं, हे माझं मुख्य काम. अकरा वेळा काढलं. त्यात अठ्ठाविसावं कलम असं: एखादा काका आणि एखादी मावशी एकमेकांना हो म्हणाली, तर त्यांना जोडघर द्यावं, दोन काकांनी किंवा दोन मावश्यांनी एका छपराखाली संसार मांडू नये.

जोडघर बागेच्या टोकाला आहे. दोन खिडक्या, एक चूल. रोज झाडलं जातं, आणि आजवर तिथे कुणी राहिलं नव्हतं. कसं राहणार? सगळे एकाच सकाळी पालटतात. मठात एक तर सगळे काका, नाहीतर सगळ्या मावश्या. संस्थापकांनी हे मुद्दाम केलं की त्यांच्या लक्षातच आलं नाही, यावर एक टिपण लिहायला घेतलं होतं. अर्धवट राहिलं. माझं सगळंच अर्धवट राहतं.

टिपणामागचं खरं कारण स्वयंपाकघरात होतं. तिथल्या माणसाला सगळे चिमटी म्हणतात, कारण चाळीस पानांच्या जेवणातही मीठ चिमटीनेच पडतं, आणि कधी चुकत नाही. इतकी वर्षं त्या हातचं जेवून मी 'छान झालंय' एवढंच म्हणायचं. त्यातलंही 'झालंय' पुष्कळदा घशात राहायचं.

गेल्या खेपेला सगळ्या मावश्या व्हायच्या, त्या पालटाच्या आदल्या दिवशी मला ताप भरला. आजाऱ्याचा झगा त्याची शुश्रूषा करणाऱ्याने उलटायचा असतो. ते काम चिमटीकडे आलं.

तापात माझी खोली पाण्याखाली गेली. पुस्तकं फळ्यांवरून सुटून, पानं हलवत, माशांसारखी छताशी फिरत होती. मध्येच कपाळावर पिठाचा वास असलेला हात यायचा. जोडघराच्या दोन्ही खिडक्या माझ्या भिंतीत येऊन बसल्या होत्या आणि आत कुणीतरी चूल फुंकत होतं.

जाग आली तेव्हा दुपार होती. दाराबाहेर गव्हाळ झगे ये-जा करत होते. माझ्या अंगावर निळाच होता.

"चिमटी मावशी," मी दचकून म्हणालो, "माझा झगा उलटायचा राहिला!"

"राहिला खरा." तिने कढणाचा वाडगा पुढे केला. "विसरले."

"किती दिवस झाले?"

"चार. चारही दिवस विसरले. वय झालं आता."

"मग आता तरी..."

"गप पडा, काका. आजारात झगा राहिला तर पुढच्या पालटापर्यंत तसाच ठेवायचा. अकरा वेळा उतरवलंत, एकदा तरी वाचलंत का?"

ते कलम सत्तावीस. आणि जोडघराचं अठ्ठावीस. एकाच पानावर, एकाखाली एक! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

ती गेली आणि शंका सुरू झाल्या. माणूस विसरतंही. मी कोण असा मोठा, की माझ्यासाठी कुणी मुद्दाम विसरावं? मठाची थोरली दारातून डोकावली. "आख्ख्या मठात एकटे काका! चैन आहे बुवा तुमची," म्हणाली आणि हसत गेली. मी पांघरूण ओढून घेतलं. दिवस धुक्यासारखे सरकत राहिले. पालट झाला की आम्ही पुन्हा दोन काका होणार, असंच मी धरून चाललो होतो.

शेवटच्या दुपारी भाजी अळणी होती. पंगतीत सगळ्यांचे हात थबकले. खरं विसरणं कसं असतं, ते तेव्हा मला कळलं. मग ते आधीचं चार दिवसांचं विसरणं काय होतं?

मी पान अर्धं टाकून स्वयंपाकघरात गेलो. हवेत पीठ तरंगत होतं आणि चिमटी त्यात उभी होती.

"भाजी अळणी झालीय," मी म्हणालो.

"बत्तीस वर्षांत पहिली तक्रार. एवढ्यासाठी आलात?"

"नाही. एक टिपण आहे... अर्धवट आहे..."

"टिपण नको. तोंडाने बोला."

"मला चूल पेटवता येत नाही."

"मला येते. पण कलमात चुलीचं काही नाही, काका. नुसतं हो म्हणायचं असतं."

"हो," मी म्हणालो. आवाज फुटला की नाही, खात्री नव्हती. पण तिने पिठाचा हात पदरासारखा तोंडावर धरला आणि त्याच्याआडून म्हणाली, "हो."

दुसऱ्या सकाळी पालट झाला. पालटाला झगा उलटायचा, नियम एवढाच; सगळ्यांनी उलटला, मीही माझा निळा उलटला. अंगणभर निळे झगे, आणि मधोमध मी एकटी गव्हाळ. थोरल्यांनी जोडघराची किल्ली दिली.

आता मी खिडकीशी बसून हे लिहितेय. आत चिमटी काका चूल फुंकतायत. धूर फार झालाय, पण सांगायला मला अजून धीर होत नाही.